पुढची दोन्ही चाकं

८ जानेवारी

बाबा,

पत्र बघून दचकू नका. सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. गाडी ठीक नाही.

फोनच केला असता, पण तुमच्या घरात तो कोण उचलेल याचा नेम नाही. तुमच्या चिरंजीवांनी उचलला तर आम्ही दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत बसू, आणि कोर्टकचेरी होऊन दोन वर्षं झाली तरी तेवढं सभ्य वागायची ताकद माझ्यात आलेली नाही. त्यांच्या नव्या बायकोनं उचलला तर तिला काय सांगू, कोण बोलतेय म्हणून? त्यापेक्षा पत्र बरं. ‘बाबा’ लिहिलंय ते सवयीनं. इतकी वर्षं तुमच्या घरात सून म्हणून काढल्यावर आता दुसरी हाक शोधायची म्हटलं तर मला सवड नाही.

तर गाडी. तुम्ही मला देऊन टाकलेली तुमची म्हातारी पिकअप गेले काही महिने ब्रेक दाबला की उजवीकडे ओढत होती. मी स्टिअरिंग जरा डावीकडे धरून भागवत होते. (तुम्ही आत्ता कपाळाला हात लावलात, मला इथून दिसतंय.) गेल्या आठवड्यात एक जुनी शाळा पाडायला काढलीय तिथून दारं आणत होते. मागे सागवानी दारांची चळत, समोर उतार, आणि खालच्या वळणावर एक आजीबाई काठी टेकत रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक दाबला तर गाडी तिरकी होऊन सरळ फुटपाथवर चढली. आजीबाईंना काही झालं नाही. त्यांनी तिथेच उभं राहून मला मनसोक्त झापलं आणि मग मलाच पाणी पाजलं. 

आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं डावं पुढचं चाक काढलं, त्यात दोन बोल्ट मोडले. ब्रेकचा ड्रम आतून झिजून पातळ झालाय आणि त्याला केसाएवढी चीर गेलीय. ड्रम हबसकट (चाक ज्यावर बसतं तो मधला लोखंडी गाभा) उतरवून त्यानं माझ्या हातात दिला आणि म्हणाला, असल्या गाडीचं मी आजवर काही उघडलेलं नाही आणि उघडायची हौसही नाही, भंगारात देऊन टाका. मी त्याच्याकडूनच सगळं तात्पुरतं पुन्हा चढवून घेतलं आणि चार माणसं बोलावून गाडी ढकलत शेडमध्ये आणली.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या आणायच्या, घासूनपुसून नव्या घरांना द्यायच्या. दार काही डोक्यावरून आणता येत नाही. पण खरं सांगू का, धंद्याचं मी कसंही निभावून नेईन. तुमच्या घरातून निघताना मी दोनच गोष्टी आणल्या, ही गाडी आणि तुम्ही शिकवलेलं ड्रायव्हिंग. भंगारवाल्याला हाक मारायला माझी जीभ रेटत नाही.

ड्रम कुठे मिळेल आणि कसा बसवायचा, एवढं कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

गुडघा कसा आहे?

(सही करत नाही. अक्षर ओळखाल.)


१७ जानेवारी

पत्र मिळालं.

स्टिअरिंग डावीकडे धरून भागवत होतीस हे वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

ज्या बाजूचा ब्रेक चांगला, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणजे तुझा उजवा धरतोय आणि डावा धरत नाही. पण उजवाही त्याच वयाचा आहे, तोही उघडून बघ. ड्रम निघाला नाही तर ओढाताण करायची नाही. चाकामागच्या पत्र्याला छोटी खिडकी आहे, तिच्यातून ॲडजस्टर सैल केला की ड्रम मुकाट्यानं हातात येतो.

डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे आहेत. जगातले सगळे नट ज्या दिशेनं सुटतात त्या दिशेनं ते आवळतात. तुझ्या मेकॅनिकला हे माहीत नसणार, म्हणून बोल्ट मोडले.

आता महत्त्वाचं. ड्रम आणि हब चाकाच्याच बोल्टांनी एकमेकांना जखडलेले असतात. बोल्ट मागून घालून पुढच्या बाजूला त्यांची मान फुगवलेली असते. ती मान आधी लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडून कापून घ्यायची आणि मग बोल्ट दाबून काढायचे. हातोडा घ्यायचा नाही. ठोकलेस तर ती फुगलेली मान हबची भोकं मोठी करून बाहेर पडेल, आणि मग हबही गेला.

ड्रम शोधतो. वेळ लागेल.

उत्तर घरच्या पत्त्यावर नको. आमच्या इमारतीतल्या पत्रपेट्या मोडल्या आहेत, टपाल गहाळ होतं. चौकातल्या लॉन्ड्रीचा पत्ता खाली देतो. लॉन्ड्रीवाला ओळखीचा आहे.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस. लाकडी ठोकळे लाव. दोन्ही बाजूंनी लाव.

गुडघा आहे तिथेच आहे.


२ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र म्हणजे तुम्ही नोकरी केलीत त्या बस डेपोच्या फळ्यावरची नोटीस होती. दोनदा वाचलं, पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आणखी काही निघालं नाही. एक दिवस फार वाईट वाटलं. म्हटलं, बरोबरच आहे, आता आपण त्या घरच्या कोण, उगाच लिहायला गेलो. मग शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचली, ‘दोन्ही बाजूंनी लाव’, आणि जरा धीर आला. ठोकळे लावलेत. शिसवी दाराच्या चौकटीचे आहेत, हत्ती ठेवला तरी हलणार नाहीत.

आता एक सांगते, पण आधी खाली बसा. तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी हातोडा घेतला होता. मला वाटलं, ड्रम निकामी आहे, हब चांगला आहे, तर बोल्ट ठोकून दोघांना वेगळं करू आणि हब जपून ठेवू. तासभर घाम गाळला. निघाले एकदाचे. इतका आनंद झाला की शेडमध्ये एकटीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र. हबची भोकं इतकी मोठी झालीत की नवा बोल्ट घातला तर तो आत नाचतो. टर्नरकडे घेऊन गेले तर त्यानं हब हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, ताई, हे कुणी केलं? मी म्हटलं, होता एक अडाणी मेकॅनिक.

म्हणजे आता हबही पाहिजे. उजवीकडचं तुम्ही सांगितलंत तसं उघडलं, ॲडजस्टर सैल केल्यावर खरंच मुकाट्यानं आलं. तोही ड्रम आतून खोबणीसारखा झिजलाय.

काम करताना एक आठवलं. आईंच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात न्यायला कुणीतरी गाडी शिकायला हवी होती, तेव्हा तुम्ही मला याच गाडीवर बसवलं होतंत. तिसऱ्या दिवशी मी फाटकाचा खांब पाडला. घरातले सगळे अंगावर आले, आणि तुम्ही खाली उतरून खांब बघितला, गाडी बघितली, आणि म्हणालात, “क्लच मात्र आता चांगला सोडतेस.” आई पुढच्या सीटवर उशी घेऊन बसायच्या आणि प्रत्येक खड्ड्याला मला नाही, रस्त्याला शिव्या द्यायच्या. मला त्या दोघांची, म्हणजे तुमची आणि आईंची, फार आठवण येते. तुमच्या चिरंजीवांची येत नाही, हे राग न धरता लिहितेय.

आणि त्या पत्रपेट्यांचं मला काही पटत नाही. जो माणूस शेजाऱ्यांच्या कुकरचा दांडा न सांगता बसवून देतो, त्याच्या इमारतीतल्या पत्रपेट्या मोडक्या? माझ्याकडे पितळी बिजागऱ्या ढीगभर पडल्यात. पाठवू का?


१६ फेब्रुवारी

उस्ताद,

अडाणी मेकॅनिकला माझा नमस्कार सांग. डेपोत तीस-तीस वर्षं काढलेल्या लोकांनीही तो हातोडा घेतलेला मी पाहिलाय, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नकोस.

पत्र वाचून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. फाटकाचा खांब मी विसरलो होतो.

काम झालंय. दोन्ही बाजूंचे हब आणि ड्रम मिळाले. जुन्या सुट्या भागांचे दुकानदार मला ठाऊक होते, पण बरेचसे आता नाहीत, त्यांच्या मुलांनी मोबाइलची दुकानं काढलीत. शेवटी एकाच्या गोदामात पत्र्याच्या कपाटाखाली जोडी सापडली. तेलकट कागदात गुंडाळलेली, कधी न वापरलेली. मी पालथा पडून बाहेर ओढली. बोल्टही नवे आहेत. तुझ्याकडच्या टर्नरला हब आणि ड्रम एकमेकांवर बसवून बोल्ट दाबायला सांग, आणि जोडल्यावर ड्रम लेथवर आतून हलकासा घासून घे, म्हणजे तो हबबरोबर सरळ फिरेल. आधी घासून मग जोडला तर उपयोग नाही.

एकच बाजू बदलून थांबू नकोस. डावा नवा आणि उजवा जुना राहिला तर गाडी आता डावीकडे ओढेल आणि तू स्टिअरिंग उजवीकडे धरून भागवशील. पुढची दोन्ही चाकं एकदम.

बेअरिंगमध्ये ग्रीस वरून थापायचं नाही. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ते हात ड्रमच्या आत लावायचे नाहीत. ड्रमला ग्रीस लागलं तर ब्रेक नावाला राहील.

पार्सल ट्रान्सपोर्टनं टाकलंय. जड आहे, एकटी उचलू नकोस.

तुझं पत्र लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. लॉन्ड्रीवाला म्हणाला, काका, घरी नेऊन निवांत वाचा की. मी म्हटलं, घरी नेऊन ठेवू कुठे? त्याच्या कपाटात धुतलेल्या शर्टांच्या मागे ठेवतो. तुझं पहिलं पत्रही तिथेच आहे, नीट आहे. आठवड्यातून दोनदा मी कपडे द्यायच्या निमित्तानं जातो.

बिजागऱ्या राहू दे.


२४ फेब्रुवारी

बाबा,

पार्सल पोचलं. हब, ड्रम, बोल्ट, सगळं व्यवस्थित आहे. मनापासून आभार.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा आनंद झाला. तो आनंद शर्टांच्या कपाटापर्यंत टिकला. मी मंदबुद्धी आहे, मला इतका वेळ कळलंच नाही. तुमच्या पत्रपेट्या धडधाकट आहेत. मी तुमच्या घरात पोचू नये एवढ्यासाठी लॉन्ड्री मधे आहे.

मी काय केलंय, बाबा? मी आईंना अंघोळ घातली, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत थेंब घातले. त्याचे उपकार झाले असं म्हणत नाही, ते माझंच घर होतं. तुमच्या मुलाचं आणि माझं पटलं नाही, आम्ही दोघांनी ते रीतसर संपवलं. त्यात मी कुणाची चोरी केली नाही. मग माझी पत्रं लोकांच्या शर्टांमागे का?

मला गाडी दुरुस्त करून घेण्यासाठी तुम्ही हवे होतात हे खरं, पण ते निम्मंच खरं. गाडी बिघडली नसती तरी मी काहीतरी निमित्त काढून लिहिलं असतं. या सगळ्यात मला एकच माणूस गमवायचा नव्हता. तो माणूस मला चोरून भेटणार असेल तर तो मला मिळालाय असं मी म्हणू शकत नाही.

लॉन्ड्रीच्या पत्त्यावर मी यापुढे लिहिणार नाही. रागानं म्हणत नाही. माझ्या हातून ते होणार नाही इतकंच.

तब्येतीला जपा. चाकांचं मी बघते.


६ मार्च

उस्ताद,

लिहिणार नाही म्हटलंस तरी हे वाच. अजून लॉन्ड्रीतूनच लिहितोय, लाज वाटते, पण हे थांबवून चालणार नाही.

बेअरिंगवरचा मधला नट एकटीनं आवळू नकोस. आम्ही डेपोत पुढच्या चाकाचं बेअरिंग कधी एकट्यानं बसवलं नाही. एकजण तळहातानं चाक फिरवत राहायचा आणि दुसरा नट आवळायचा. आवळणाऱ्याला काही कळत नाही, त्याच्या हातात पाना असतो आणि अंगात ताकद असते. कळतं ते फिरवणाऱ्याला. चाक जड लागलं की त्यानं थांबवायचं, मग नट किंचित मागे घेऊन पिन घालायची. जास्त आवळलेलं बेअरिंग वाटेत तापून जळतं. सैल राहिलं तर चाक डुगडुगतं आणि ब्रेकचं सगळं काम फुकट जातं. तुझा तो कोपऱ्यावरचा मेकॅनिक पान्याला पाइप लावून आवळेल, मला त्याची धास्ती आहे.

शर्टांचं विचारलंस. तर ऐक. मुलाचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा तो माझ्या खोलीत आला होता. म्हणाला, बाबा, घरात नवीन माणूस येतंय, आता तिकडचा संबंध नको, नाहीतर हिला रोज वाटेल की आपली तुलना होतेय. त्याचं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटलं नाही. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे शब्द दिला असं तो धरून चालला, आणि मीही.

तो ओरडेल याची मला भीती नाही. पण या वयात जेवणाच्या टेबलाशी असलेली आपली खुर्ची जपावीशी वाटते. दुसरं काही नाही. तुझी आठवण मला रोज येते. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण कुणाला दाखवणार?

ठोकळे काढले नाहीस ना?


२९ मार्च

उस्ताद,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मी मात्र लॉन्ड्रीत जात राहिलो आणि लॉन्ड्रीवाला दर वेळी मी विचारायच्या आधीच मान हलवत राहिला. शेवटी त्यालाच माझी दया आली, एक शर्ट फुकट इस्त्री करून दिला.

हे पत्र घरातल्या टेबलावर बसून लिहितोय. पाकिटाच्या मागे बघ, घरचा पत्ता आहे.

झालं असं. काल जेवताना नवी सूनबाई सहज म्हणाली, मागे बाबांच्या शर्टांना ग्रीस कुठून लागलं हे मला अजून कळलेलं नाही, लॉन्ड्रीवाल्याकडूनही निघत नाही म्हणून मी दोन शर्ट घरीच घासले. ती चिडून नव्हती म्हणत, तिला खरंच नवल वाटत होतं. बसच्या खिडकीचं लागलं असेल, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण ती पोर माझे शर्ट घासत बसली होती आणि मी तिच्याशीही खोटं बोलणार होतो. मग मी सांगून टाकलं. गाडीचं, गोदामाचं, पत्रांचं, शर्टांच्या कपाटाचं, सगळं.

मुलानं घास खाली ठेवला. म्हणाला, “बाबा, आपलं ठरलं होतं.”

मी म्हणालो, “ठरलं होतं. ते मी आता मोडतोय. तुमचं नातं तुम्ही दोघांनी संपवलंत, दोघांनी सह्या केल्यात. माझी सही कुणी मागितली नव्हती. मागितली असती तर मी केली नसती.”

 इतकी वर्षं डेपोत माणसं हाताळली, पण पोटच्या पोराशी असं बोलायची ही पहिलीच वेळ.

 मग सूनबाईनं नवऱ्याला विचारलं, याच गाडीतून ती तुमच्या आईला दवाखान्यात न्यायची ना? म्हणजे हे त्यानंच तिला सांगितलेलं होतं. मला ते नवीन होतं. तो हो म्हणाला. ती म्हणाली, मग बाबांनी पार्सल घरूनच पाठवायचं की, मी दोरी बांधून दिली असती.

तो उठून गॅलरीत गेला. जेवण अर्धंच राहिलं. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. भांडी आवरून होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मग आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “डाव्या बाजूचे नट उलटे असतात, ठाऊक आहे का तिला? मी एकदा मोडला होता.” मी म्हटलं, ठाऊक आहे. तो म्हणाला, बरं, आणि झोपायला गेला.

आज सकाळी त्यानं बसचं वेळापत्रक टेबलावर आणून ठेवलं. बोलला काहीच नाही. माझ्याच वळणाचा आहे, दुसरं काय.

तर मी येऊ का? चाक फिरवायला माणूस लागेल. तू नको म्हणालीस तरी मी समजेन, पण नको म्हणायचं असेल तर ते या पत्त्यावर कळव, म्हणजे निदान नकार तरी राजरोस येईल.


४ एप्रिल

बाबा,

या.

टर्नरनं दोन्ही जोड्या बसवून, घासून दिल्यात. बेअरिंगला ग्रीस भरलंय, तळहातावरच. दोन्ही बाजू चढवून ठेवल्यात, पण नट नुसते बोटांनी लावलेत. तुमचं ६ मार्चचं पत्र वाचल्यावर मी पान्याला हात लावला नाही. महिना झाला, गाडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि मी रोज तिला वळसा घालून कामाला जाते. लोकांची दारं खोळंबलीत. मी सगळ्यांना सांगितलं, माणूस यायचाय. तुम्ही याल की नाही हे मला माहीत नव्हतं, तरी सांगत होते.

गुडघ्याला त्रास नको म्हणून पुढची सीट घ्या. बसस्टँडवर मी चालत येईन, गाडी कुठे आहे माझ्याकडे?


२१ एप्रिल

बाबा,

सुखरूप पोचलात हे फोनवर कळलंच. फोन तुमच्या सूनबाईनं उचलला. मी माझं नाव सांगितलं, तर ती म्हणाली, हो हो, थांबा, बाबा वाटच बघतायत. इतकं सोपं होतं ते. मी उगाच दोन वर्षं फोनकडे बघून घाबरत होते. तिला सांगा, ग्रीसच्या डागावर आधी अंगाला लावायची पावडर दाबून ठेवायची आणि मग साबण लावायचा. हे मी तुमच्याच शर्टांवर शिकलेय.

तुम्हाला समोर जे बोलता आलं नाही ते लिहिते, कारण पत्रात मी जरा शहाणी असते.

तुम्ही डाव्या चाकाशी स्टूल टाकून बसलात, डोळे मिटलेत आणि तळहातानं चाक फिरवायला लागलात, तेव्हा मी आवळायचं सोडून तुमच्याकडे बघत होते. तुम्ही दोनदा खेकसलात, लक्ष कुठे आहे म्हणून. लक्ष तिथेच होतं. तुम्ही माझ्या शेडमध्ये, माझ्या दारांच्या राशीत, दिवसाढवळ्या बसला होतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तुम्हाला बघत होता. मला वाटत होतं की तो नट कधी पुरता आवळलाच जाऊ नये.

आणि त्या उतारावर तुम्ही “दाब” म्हणालात, मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी, नाकासमोर, सरळ थांबली. तेव्हा तुम्ही फक्त “हं” केलंत. तुमचं ‘हं’ मला पुरतं कळतं. बस सुटताना मी तोंडावर रुमाल धरून खोकत होते ना, तो खोकला नव्हता.

गाडी झकास चालतेय. शाळेची सगळी दारं आली. सुरुवातीला ब्रेक जरा कडक लागेल, मग बसेल, असं तुम्ही म्हणाला होतात, तसं झालं. तुम्ही बजावल्याप्रमाणे चाकांचे नट पुन्हा तपासले, डावे उलटे आणि उजवे सुलटे.

काल टर्नर आला होता. तडा गेलेला जुना ड्रम त्याला शेगडी करायला हवा होता. मी म्हटलं, घेऊन जा. ड्रम काखेत मारून तो दारातच घुटमळला. मग म्हणाला, “ताई, परवा आलेले ते काका कोण? माझ्या लेथपाशी उभे राहून मला शिकवत होते.”

मी म्हटलं, “सासरे.”

 आमच्या गल्लीत कुणाचं काही लपून राहत नाही, त्यालाही सगळं ठाऊक आहे. बिचाऱ्यानं बराच वेळ शब्द जुळवले आणि म्हणाला, “पण तुमचा तर घटस्फोट झालाय ना?”

मी म्हटलं, “झालाय. नवरा नाही मला. सासरे आहेत.”

मला वाटलं होतं, हे कुणाला सांगायची वेळ आली तर मी अडखळेन. अजिबात अडखळले नाही. त्यानंही मान डोलावली, जणू मी एखाद्या बोल्टचं माप सांगितलं. म्हणाला, मला त्यांना बेअरिंगचं थोडं विचारायचं होतं, पुन्हा कधी येणारेत?

मी म्हटलं, विचारून सांगते.

म्हणून विचारतेय. कधी येताय?